हात उगारण्याआधीचा क्षण

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या माणसाला प्रत्यक्षात काय करावे लागते? सकाळी मोजणीला उभे राहायचे, ठरल्या वेळी जेवायचे, नेमून दिलेले काम उरकायचे, संध्याकाळी पुन्हा मोजणी आणि बंदी. आपण ज्याला मारले तो कोण होता, त्याच्या घरात आता कोण कमावते, त्याच्या मुलांना रात्री झोप लागते का, हे त्याला कुणी विचारत नाही. दहा वर्षे अशी काढून माणूस बाहेर येतो आणि ‘त्याने डिवचले म्हणून झाले’ या वाक्यापलीकडे त्याला एकदाही जावे लागलेले नसते. शिक्षा भोगणे वेगळे आणि केलेल्या कृत्याची जबाबदारी घेणे वेगळे. बहुतेक तुरुंगांत पहिलीच गोष्ट घडते.

दुसरी घडवून आणण्याचा एक पद्धतशीर आणि मोजमाप झालेला प्रयत्न अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटी तुरुंगात १९९७ साली सुरू झाला. त्याचे नाव ‘रिझॉल्व्ह टू स्टॉप द व्हायोलन्स प्रोजेक्ट’, थोडक्यात आरएसव्हीपी. हिंसक गुन्हेगारांच्या सुधारणेबद्दल आपल्याकडे एक तर भाबडेपणाने बोलले जाते किंवा संतापाने. या प्रयोगात दोन्ही नव्हते, म्हणून तो सविस्तर समजून घेण्याजोगा आहे.

सॅन ब्रुनोची बराक

अमेरिकेतल्या काउंटी तुरुंगात दोन तऱ्हेची माणसे असतात: खटला चालू असलेली आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेली. लांब शिक्षेचे कैदी राज्याच्या मोठ्या कारागृहात जातात. म्हणजे काउंटी तुरुंगातला बहुतेक प्रत्येक जण काही महिन्यांत त्याच गल्लीत, त्याच घरात परतणार असतो. त्याला आत ठेवून समाजाला मिळणारी सुरक्षितता तेवढ्या महिन्यांपुरतीच.

सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे शेरीफ, म्हणजे या तुरुंगाचे प्रमुख, मायकेल हेनेसी हे पेशाने वकील. शेरीफ होण्यापूर्वी कैद्यांना कायदेशीर मदत मिळवून देण्याचे काम त्यांनी केले होते. त्यांच्या तुरुंगातल्या कार्यक्रमांची जबाबदारी सनी श्वार्ट्झ यांच्याकडे होती, त्याही वकीलच. नुसते कोंडून ठेवणारा तुरुंग माणसाला आणखी हिंस्र करून बाहेर सोडतो, हे त्या वर्षानुवर्षे पाहत होत्या. पुढे २००९ मध्ये त्यांनी या अनुभवावर ‘ड्रीम्स फ्रॉम द मॉन्स्टर फॅक्टरी’ हे पुस्तक लिहिले.

आखणीच्या बैठकांना कोण होते हे मला फार महत्त्वाचे वाटते. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांबरोबर त्यात पीडितांच्या बाजूने काम करणारे लोक होते आणि पूर्वी स्वतः हिंसा केलेली माणसेही होती. कैद्यांसाठी काहीतरी चांगले करू, एवढ्याच हेतूने ही मंडळी जमली असती तर पीडित त्या टेबलाशी बसलेच नसते. प्रश्न वेगळा मांडला गेला: नुकसान कुणाचे झाले, त्याला काय हवे आहे, आणि ते भरून देण्याचे कर्तव्य कुणाचे? हॉवर्ड झेर या अभ्यासकाने १९९० मध्ये ‘चेंजिंग लेन्सेस’ या पुस्तकात गुन्ह्याकडे पाहण्याची हीच रीत मांडली होती.

सॅन ब्रुनो इथल्या तुरुंगात साठेक खाटांची एक बराक या कार्यक्रमाला दिली गेली. आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे बारा तास कार्यक्रम. आठवड्यातून एकदा कुणी समुपदेशक येऊन तासभर बोलून जातो, असला हा प्रकार नव्हता. राहणे, शिकणे, भांडणे, भांडण मिटवणे सगळे त्याच छताखाली आणि त्याच नियमांत.

मारहाणीचा क्षणाक्षणाचा हिशेब

कार्यक्रमाचा गाभा ‘मॅनअलाइव्ह’ नावाच्या पद्धतीत आहे. हॅमिश सिंक्लेअर यांनी ती १९८० च्या दशकात शेजारच्या मरीन काउंटीत, बायकांना मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी विकसित केली. तिचा पाया असा: पुरुष जन्मतः हिंसक नसतो, तो हिंसा शिकतो. घरात बायको, रस्त्यावर अनोळखी माणूस, बराकीत शेजारचा कैदी, या सगळ्यांपेक्षा आपण वरचढ असलेच पाहिजे अशी शिकवण त्याला लहानपणापासून मिळालेली असते. ती शिकवण हाच त्याचा ‘पुरुष’ असण्याचा पुरावा बनतो. मग त्या वरचढपणाला धक्का लागला की आपले सगळेच संपले असे त्याला वाटते. जी गोष्ट शिकली, ती विसरता आणि बदलता येते, असे ही पद्धत मानते.

वर्ग कसा चालतो? समजा, एकाने बायकोला मारले आहे. तो गटासमोर बसतो, फळ्यावर कुणीतरी लिहीत असते. तो सांगायला लागतो आणि पहिल्याच वाक्यात अडवला जातो, कारण त्याने सुरुवात तिच्या चुकीपासून केलेली असते. नाकारणे, कमी करून सांगणे, दुसऱ्यावर ढकलणे या पळवाटा गटातल्या प्रत्येकाने स्वतः वापरलेल्या असतात, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात. ‘आमचं घरातलं माणूस’ किंवा एखादी शिवी चालत नाही, तिचे नाव घ्यावे लागते. मग प्रश्न येतात. तू कुठे उभा होतास? ती नेमके काय म्हणाली? तेव्हा तुझ्या अंगात काय झाले, जबडा आवळला का, छातीत गरम वाटले का? त्या वेळी मनात कोणता विचार आला? मग काय केलेस? पहिला फटका कुठे बसला? ती कशी पडली? मुले कुठे होती?

असा हिशेब मांडत मांडत गट एका ठिकाणी पोहोचतो. सिंक्लेअर यांच्या पद्धतीत त्या ठिकाणाला ‘फेटल पेरिल’ म्हणतात, म्हणजे जिवावर बेतल्यासारखा क्षण. त्याच्या जिवाला खरोखर धोका होता असे नाही. धोका होता तो स्वतःबद्दलच्या प्रतिमेला. तिने उलट उत्तर दिले, किंवा मित्रांसमोर हसली, किंवा दारातून बाहेर निघाली, आणि त्याला आतून वाटले की आता आपण कुणीच उरलो नाही. हात उठला तो यानंतर. ‘एकदम डोके फिरले, कळलेच नाही’ असे जो माणूस वर्षानुवर्षे सांगत आला, त्याला पहिल्यांदाच दिसते की ते वाटणे आणि हात उठणे यांच्या मध्ये जागा होती आणि त्या जागेत निर्णय त्याने घेतला होता.

हे ऐकायला सोपे वाटते. पण ज्याची अर्धी जिंदगी ‘माझी चूक नव्हती’ या एका आधारावर उभी आहे, त्याला अशा वीस-तीस जणांसमोर हे बोलावे लागते तेव्हा कोठडीतला एकांत परवडला असे वाटावे. सुधारणेचे कार्यक्रम म्हणजे गुन्हेगारांचे लाड, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. या वर्गात लाडाला कुठे जागा आहे ते मला दिसत नाही.

एकदा तो क्षण ओळखता आला की त्याचा सराव करायला बराक अपुरी पडत नाही. फोनसाठीची रांग, टीव्हीवर काय लावायचे, कुणी कुणाच्या खाटेवर बसले: तुरुंगात दिवसातून किती तरी वेळा अपमान वाटण्याचे प्रसंग येतात. अंगातली चाहूल लागली की थांबायचे, बोलून दाखवायचे, बाजूला व्हायचे. वर्ग चालवणाऱ्यांत स्वतः या वाटेवरून आलेली माणसे असतात. आरएसव्हीपीतून बाहेर पडलेल्यांपैकीही काही जण प्रशिक्षण घेऊन असे मार्गदर्शक झाले. ‘तुम्हाला काय कळणार’ हे वाक्य त्यांच्यापुढे टिकत नाही.

गिलिगन यांची मांडणी

या कार्यक्रमाचे मूल्यमापन जेम्स गिलिगन आणि बॅंडी ली या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी केले. गिलिगन यांनी त्याआधी मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांमध्ये मानसिक आरोग्यसेवेचे काम अनेक वर्षे सांभाळले होते. खुनी माणसांशी हजारो तास बोलल्यावर त्यांना एकच उत्तर पुन्हा पुन्हा मिळाले: त्याने माझा मान ठेवला नाही. १९९६ च्या ‘व्हायोलन्स’ या पुस्तकात त्यांनी असे मांडले की गंभीर हिंसेच्या मुळाशी जवळपास नेहमी लाज असते, आपण क्षुद्र आहोत ही असह्य जाणीव.

पण लाज तर प्रत्येकाला वाटते, मग प्रत्येक जण चाकू का काढत नाही? गिलिगन यांचे उत्तर असे की आणखी दोन गोष्टींचा अभाव असावा लागतो. एक, स्वतःची किंमत टिकवण्याचा दुसरा मार्ग माणसाकडे नसतो: शिक्षण नाही, काम नाही, प्रतिष्ठा देणारे कौशल्य नाही. दोन, समोरच्याच्या वेदनेची जी जाणीव आपला हात अडवते, ती त्याच्यात रुजलेली नसते किंवा मेलेली असते.

शिक्षण आणि पीडितांविषयीची सहवेदना ही दोन कामे एकाच कार्यक्रमात का हवीत, ते या मांडणीतून समजते. शिक्षण पहिल्या अभावावर काम करते, सहवेदना दुसऱ्यावर. एकटे शिक्षण हुशार गुन्हेगार घडवू शकते, आणि ज्याच्या हातात जगण्याचे दुसरे साधनच नाही, त्याच्यात नुसता पश्चात्ताप जागवून सोडले तर तो खचतो आणि पुन्हा जुन्या वाटेला लागतो.

समोर बसलेली आई

आठवड्यातून एकदा बराकीत पीडित यायचे. नवऱ्याची मारहाण सोसलेली बाई, गोळी लागून वाचलेला माणूस, मूल गमावलेली आई. इथे एक महत्त्वाची बाब अशी की हे त्या कैद्यांचे स्वतःचे पीडित नसत. ज्याने आपल्याला मारले त्याच्यासमोर जाऊन बसा, असे कुणालाही सांगण्याचा अधिकार तुरुंगाला नाही. येणारे लोक स्वेच्छेने येत, तयारी करून येत, आणि आपल्याला जे सांगायचे तेवढेच सांगत.

परक्या आईचे बोलणे ऐकताना एक गोष्ट घडते. हा खटला आपला नाही, इथे बचाव करायचा नाही, म्हणून माणूस खरोखर ऐकतो. ती सांगते की पोलिसांचा फोन किती वाजता आला, मुलाचे कपडे तिने अजून का धुतले नाहीत, दुसरा मुलगा शाळेत जायचा कसा थांबला. कोर्टात यातले काही येत नाही. तिथे जखमेची लांबी-रुंदी येते. ऐकणाऱ्याच्या मनात आपण केलेल्या कृत्यामागची अशीच एक आई हळूहळू उभी राहते, आणि ती तिथे कुणी उपदेशाने आणलेली नसते.

यानंतरचे काम लिहिण्याचे आणि करून पाहण्याचे. आपण ज्याला इजा केली त्याला पत्र लिहायचे, पण ते पाठवायचे नाही. अनपेक्षित पत्राने त्याची जखम पुन्हा उघडेल. पत्र गटात वाचायचे. त्यात स्वतःच्या दुःखाची वाक्ये जास्त आणि त्याच्या दुःखाची कमी असतील तर गट सांगतो. नाटकाचाही वापर होई. कैदी आपल्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग छोट्या नाट्यप्रवेशात बसवून साथीदारांसह सादर करत. जो प्रसंग आठवणीत स्वतःच्या सोयीने साठवलेला असतो, तो रंगमंचावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

यातल्या बऱ्याच पुरुषांवर लहानपणी भयंकर अत्याचार झालेले असतात. ते बोलले गेलेच पाहिजे. मात्र क्रम चुकता कामा नये, असे मला वाटते: केलेल्या कृत्याची मालकी घेण्याआधीच ‘मीही सोसले’ हे समोर आले तर ती नवी पळवाट होते.

गजांआडची शाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरीफ विभागाने २००३ मध्ये तुरुंगातच ‘फाइव्ह कीज’ ही शाळा सुरू केली. प्रौढांच्या तुरुंगात चालणारी, माध्यमिक शाळेचा डिप्लोमा देणारी अमेरिकेतली ही पहिली चार्टर शाळा. पाच किल्ल्या म्हणजे शिक्षण, रोजगार, व्यसनमुक्ती, कुटुंब आणि समाज. शाळा सोडलेली माणसे तुरुंगात एवढ्या संख्येने असताना तिथे शाळा नसणे हेच खरे तर नवलाचे होते.

उच्च शिक्षणाबद्दल गिलिगन यांनी नोंदवलेला मॅसॅच्युसेट्सचा अनुभव बोलका आहे. तिथे प्राध्यापक तुरुंगात येऊन शिकवत. पंचवीस वर्षांत तुरुंगात पदवी मिळवलेल्या काही शे कैद्यांपैकी नव्या गुन्ह्यासाठी परतलेला एकही माणूस गिलिगन यांना सुरुवातीला सापडला नाही. पुढे अधिक शोध घेतल्यावर दोघे सापडले. तरीही राज्याच्या गव्हर्नरांनी कार्यक्रम बंद केला, कारण प्रामाणिक गरिबांना कॉलेज परवडत नाही आणि गुन्हेगारांना फुकट मिळते, ही तक्रार मतदारांना पटणारी होती. ही तक्रार मला क्षुल्लक वाटत नाही. पण तिचे उत्तर प्रामाणिक गरिबांसाठी कॉलेज स्वस्त करण्यात आहे.

१९९४ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतल्या कैद्यांची ‘पेल ग्रँट’ ही सरकारी शिष्यवृत्ती बंद केली आणि तुरुंगातले कॉलेजचे वर्ग झपाट्याने ओस पडले. ती पूर्णपणे परत मिळायला जुलै २०२३ उजाडले. मधल्या काळात काही वर्ग देणग्यांवर आणि स्वयंसेवक शिक्षकांवर तगले. सॅन क्वेंटिन तुरुंगातला असाच एक वर्ग आज ‘माउंट टॅमलपायस कॉलेज’ या नावाने मान्यताप्राप्त स्वतंत्र महाविद्यालय झाला आहे. रॅंड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळली.

आकडे काय सांगतात

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच्या वर्षात त्या बराकीत २४ गंभीर हिंसक प्रसंग झाले होते. सुरू झाल्यावर प्रारंभी एक झाला, नंतर वर्षभर एकही नाही. सुटकेनंतरचा निकाल २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रमात न गेलेल्या, तशाच पार्श्वभूमीच्या कैद्यांशी तुलना केली असता हिंसक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचे प्रमाण किमान आठ आठवडे राहिलेल्यांत सुमारे ४६ टक्क्यांनी, बारा आठवडे राहिलेल्यांत ५३ टक्क्यांनी आणि सोळा किंवा अधिक आठवडे राहिलेल्यांत जवळपास ८३ टक्क्यांनी कमी होते. कार्यक्रमाचा जादा खर्च माणशी दिवसाला २१ डॉलरच्या आसपास होता, आणि टळलेल्या तुरुंगवासाचा हिशेब धरता प्रत्येक डॉलरमागे चार डॉलर वाचतात असे दिसले. २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलशी संलग्न असलेला शासकीय नवकल्पनांचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला.

हे आकडे वाचताना सावधही राहावे. अभ्यास एका शहरातला, काही शे माणसांचा. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. सोळा आठवडे टिकणाऱ्यांत मुळातच बदलायची तयारी जास्त असू शकते. तरी आठ, बारा, सोळा अशा चढत्या क्रमाने परिणाम वाढत गेला, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

जिथे जपून पाऊल टाकावे लागते

सहवेदना हा रामबाण नाही. लैंगिक गुन्हेगारांवरच्या अनेक अभ्यासांचा कॅनडातले कार्ल हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गॉन यांनी २००५ मध्ये एकत्रित आढावा घेतला. पीडिताविषयी सहवेदना नसणे आणि पुन्हा गुन्हा करणे यांचा ठळक संबंध त्यांना दिसला नाही. काही माणसे योग्य शब्द फार लवकर शिकतात. म्हणून ‘याला पश्चात्ताप झालेला दिसतो’ असा शेरा लवकर सुटकेचा आधार होता कामा नये. बराकीतले रोजचे वागणे अधिक विश्वासार्ह.

दुसरी खबरदारी लाजेबद्दल. जून टॅंगनी आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियातल्या एका काउंटी तुरुंगातल्या सुमारे पावणेपाचशे कैद्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ‘मी वाईट कृत्य केले’ अशी अपराधाची भावना असलेले पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. ‘मी माणूसच वाईट’ अशी लाज वाटणाऱ्यांपैकी जे दोष दुसऱ्यावर ढकलत, त्यांच्यात धोका वाढलेला होता. पीडिताला समोर बसवून कैद्याची खरडपट्टी काढायची, असा कार्यक्रम केला तर तो हिंसाच पेरेल.

आणि पीडित हे कैदी सुधारण्याचे साधन नव्हेत. त्यांना यातून काही मिळते का? हेदर स्ट्रॅंग आणि लॉरेन्स शर्मन यांनी २०१३ मध्ये दहा प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत पीडित आणि प्रत्यक्ष गुन्हेगार, दोघांच्याही संमतीने, प्रशिक्षित व्यक्तीच्या उपस्थितीत समोरासमोर भेटले होते. अशा भेटींनंतर पीडितांचे समाधान वाढलेले दिसले, आणि हिंसक गुन्ह्यांत हा मार्ग मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला. सामान्य समजुतीच्या हे अगदी उलट आहे. मात्र ज्यांना भेटायचे नाही, क्षमा करायची नाही, त्यांचा नकार तितकाच आदराने स्वीकारला पाहिजे.

महाराष्ट्रातून पाहताना

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाली. भिंतीविना, जमीन कसत, कुटुंबासह कैदी राहू शकतात हे तिथे दिसले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. श्रम आणि विश्वास हे दोन धागे आपल्याकडे तेव्हापासून आहेत. शिक्षणाचाही आहे: मुक्त विद्यापीठांची केंद्रे राज्यातल्या मोठ्या कारागृहांत चालतात.

पीडिताचा धागा मात्र जवळपास नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरात राज्याच्या खटल्यात म्हटले की कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची तरतूद राज्यांनी करावी. मजुरी इतकी तुटपुंजी की त्यातून भरपाई अशी थोडीच होते. शिवाय पैसे कापले गेले तरी ते कुणासाठी आणि का कापले, यावर बराकीत कुणी बोलत नाही.

आरएसव्हीपी जशीच्या तशी उचलून इथे बसवता येणार नाही, आणि त्याचे मोठे कारण कच्चे कैदी. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. ज्याचा खटला उभा आहे त्याला गटासमोर क्षणाक्षणाचा हिशेब मांडायला लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध बोलायला लावणे. त्यामुळे तसला वर्ग पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांपुरताच ठेवावा लागेल, आणि तिथे बोललेले बाहेर वापरले जाणार नाही याची लेखी हमी लागेल. कच्च्या कैद्यांसाठी अक्षरओळख, शाळा, आणि राग येताना अंगात काय होते ते ओळखण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून सुरू करता येईल. यासाठी कोणताही आरोप कबूल करावा लागत नाही. परक्या पीडितांचे अनुभव ऐकवण्याची बैठक तर दोघांसाठीही घेता येईल. त्यासाठी पीडितांसोबत काम करणाऱ्या संस्था आणि कारागृह विभाग यांनी आधी एका टेबलाशी बसावे लागेल, आणि बैठकीची विषयपत्रिका पीडितांनी ठरवावी लागेल.